पितराचं पान

दौंडच्या ताईंचा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो. गाय पान्हा चोरत होती आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून मी म्हटलं, "बोला ताई, पटकन बोला."

"आप्पा, यंदा सर्वपित्रीला मी दादाचा म्हाळ घालणार आहे. पितर म्हणून तुम्ही जेवायला बसायचं."

माझे हात थांबले. तेवढ्यात गाईनं बादलीला लाथ घातली आणि होतं नव्हतं ते दूध शेणात गेलं. एरवी मी तिच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी नुसता बघत बसलो. "बरं," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत तो आणि मी एकाच बॉम्बर विमानात होतो. तो पायलट, मी नॅव्हिगेटर. विमान पलीकडच्या मुलखात पडलं. मी त्यांच्या हाती जिवंत सापडलो, वर्षभर कैदेत राहिलो आणि परत आलो. तो आला नाही. मेला असंही कुणी सांगितलं नाही. सरकारदरबारी तो अजून बेपत्ता आहे. ताईंच्या घरी तो नुसता यायचा राहिलाय.

आणि म्हाळ घालायचा म्हणजे माणूस गेला हे मान्य करायचं. पितृपक्षात गेलेल्याच्या नावानं स्वैपाक करायचा, त्याच्या जागी कुणाला तरी पानावर बसवायचं आणि पोटभर जेवू घालायचं. हा जेवला की तो जेवला. पण तो जिवंत असेल तर? जित्या माणसाच्या नावानं पितराचं पान मांडणं म्हणजे आपल्या हातानं त्याला मारणं. म्हणून पन्नासाच्या वर वर्षं झाली, ताईंनी ते पान मांडलं नव्हतं.

घरात येऊन मंडळींना सांगितलं. ती चुलीपुढं नव्हती, टीव्हीपुढं होती. आवाज न कमी करता म्हणाली, "आन् तुम्ही काय म्हनला?"

"बरं म्हणालो."

"बरं म्हंजी व्हयच की."

"बरं म्हंजी बरं."

"तुमचं हे कायमचंच हाय. धड व्हय न्हाई, धड न्हाई न्हाई. द्येव तुमच्यात मीठ घालायचंच इसरला बघा."

तिचं चुकत नाही. लग्न झाल्यापासून ती हेच म्हणते आहे, आणि आमचं लग्न मी सुटून आल्यावरचं आहे, त्यामुळं तिनं मला मीठ असलेला कधी बघितलेलाच नाही. पोरगी झाली तेव्हा मी दवाखान्यात पेपर वाचत बसलो होतो. आई गेली तेव्हा लाकडं मोजून घेतली. लोक म्हणाले, मिलिट्रीतला माणूस, घट्ट काळजाचा. कसलं घट्ट नि कसलं काय. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही ना, तसं माझं सगळं अंगच झालेलं आहे. मुंग्या उतरतात. हे उतरलं नाही.

पितर म्हणून बसण्याचं मला काही वावगं नव्हतं. न्हावऱ्यात मी दर साली कुणाकुणाच्या आजोबांच्या नावानं जेवून येतो. आता सत्तावीस वर्षांच्या पोराच्या जागी ऐंशीला टेकलेला पितर, दात निम्मे, साखर वाढलेली, हे जरा विचित्रच. पण मला धास्ती होती ती वेगळी. ताई मला विचारणार होत्या. दर भाऊबीजेला मी दौंडला जातो आणि दर भाऊबीजेला त्या विचारतात, "आप्पा, तुम्ही बघितलं का हो त्याला?" मी म्हणतो, "नाही ताई. मी बघितलं नाही." हे खरं आहे. मी नाहीच बघितलं. मग त्या चहा टाकतात, आणि अजून एक वर्ष निघतं. यंदा त्या उत्तरावर निघणार नव्हतं. त्या उत्तरावर पान मांडता येत नाही आणि उचलताही येत नाही.

सर्वपित्रीला सकाळच्या यष्टीनं निघालो. पंच्याहत्तरी उलटल्यापासून यष्टी फुकट आहे, त्यामुळं कंडक्टर माझ्याकडं बघतो तेव्हा मी त्याच्या बापाच्या गाडीत बसलोय असं बघतो. चौफुल्याला गाडी बदलली. वाटेत भीमेच्या पुलावर एका बाईनं खिडकीतून नदीला रुपया टाकला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आप्पा, तुम्ही न्हाई टाकला?" मी म्हटलं, "नदीचं काय अडलंय का माझ्यावाचून?" ती हसली.  मला एकाहत्तरच्या त्या रात्रीचा उजेड आठवत होता.

आमच्या विमानात पायलटची खुर्ची अशी होती, की एक दांडी ओढली की माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जायचा. नॅव्हिगेटरला ती सोय नव्हती. मी पुढं विमानाच्या नाकाडात काम करायचो. उडी मारायची वेळ आलीच तर तिथनं सरपटत मागं यायचं, पॅराशूट छातीला अडकवायचं, दार ढकलायचं आणि बाहेर पडायचं. तोवर कुणीतरी विमान सरळ धरून ठेवायला पाहिजे. कुणीतरी म्हणजे कोण? दुसरं होतंच कोण? ज्यानं हे असलं विमान काढलं, त्याला एकदा आमच्या फडात उसाच्या खोडक्यांवरनं अनवाणी पळवला पाहिजे.

इंटरकॉमवर इंग्रजीतच बोलायचा नियम. पण तो दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, मी न्हावऱ्याचा, आमची जोडी जमली तीच त्या बोलण्यावर. गडबड झाली की तो मराठीवर यायचा. बॉम्ब टाकून आम्ही वळलो आणि उजव्या इंजिनाला आग लागली. तेव्हा तो म्हणाला, "तू हो पुढं, मी आलोच." लग्नाला निघालेला माणूस चपला शोधता शोधता म्हणतो ना, अगदी तसं. मी झालो पुढं.

पॅराशूट उघडलं. मी लोंबकळत होतो, आणि खाली एक मोठा उजेड झाला. आवाज मागनं आला. आभाळात दुसरी छत्री आहे का, म्हणून मी मान मोडेस्तोवर बघितलं. अंधार होता. अंधारात छत्री दिसत नाही.

पडलो तो नांगरटीत. घोटा गेला. काठ्या आणि फावडी घेऊन माणसं आली, आमच्यासारखीच शेतकरी माणसं, आणि त्यांनी मला मरेस्तोवर मारलं. मला त्यांचा राग नाही. आपल्या रानात आभाळातनं असा माणूस पडला असता तर आम्ही काय ओवाळलं असतं? सैनिक आले आणि त्यांनी मला त्या लोकांच्या हातनं सोडवलं, म्हणून मी आज गाईवर डाफरायला जिवंत आहे.

कोठडीत एक साहेब रोज यायचा. चांगला बोलायचा, सिगारेट पुढं करायचा. म्हणायचा, "तुझा पायलट शेजारच्याच खोलीत आहे. त्यानं सगळं सांगितलंय, आता तू कशाला लपवतोस?" हे सगळ्यांनाच सांगतात. आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं, की असं सांगतील. मला ठाऊक होतं ती थाप आहे. तरी तो गेला की मी भिंतीला कान लावायचो. चमच्यानं ठोकायचो. पलीकडनं कधी उत्तर आलं नाही, पण ठोकायचं काही मी सोडलं नाही. सुटल्यावर सरहद्दीवर आम्हाला रांगेत उभं केलं, तेव्हाही मी रांगेतली तोंडं बघत होतो.

गावात आलो तर बाहत्तरचा दुष्काळ. विहिरींना पाणी नाही, जनावरांना वैरण नाही, आणि तशात लोकांनी बैलगाडीतनं माझी मिरवणूक काढली. आईनं तोंडावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. गुलाल डोळ्यांत गेला म्हणून तेवढं पाणी आलं. लोकांना वाटलं, मी रडतोय. मी म्हटलं, वाटू दे.

मग दौंडला गेलो. ताई तेव्हा बाविशीच्या. वडील रेल्वेत ड्रायव्हर, ते ड्यूटी टाकून घरी बसले होते. मी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. खुर्चीचं सांगितलं, दाराचं सांगितलं, शेवटी तो काय म्हणाला तेही सांगितलं. आई-वडील खाली बघत राहिले. ताई मात्र एकदम म्हणाल्या, "मी आलोच, असं म्हणाला? मग येईल. दादा बोलला की करतो." त्या साहेबाची थापही मी सांगितली होती, ती थाप आहे हे सांगून. त्यांनी थाप ठेवून घेतली आणि बाकीचं मला परत केलं.

बारा वर्षांनी गुरुजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून विधी उरकून टाका, त्याचा आत्मा अडकलाय. ताईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. पुढं आई गेली, वडील गेले. ताईंचे मालक रेल्वेत गार्ड होते, तेही गेले. त्या सगळ्यांचे म्हाळ त्या घालतात. भावाचं नाव आलं की म्हणायच्या, "तो जेवेल की आल्यावर."

दौंडला पोचलो तर दारात त्यांची मुलगी. ती पुण्याहून सकाळच्या डेमू गाडीनं आली होती. हळूच म्हणाली, "मामा, आईला तुम्हीच काहीतरी सांगा. काल दिवसभर भाज्या निवडत होती आणि मधेच सगळं टाकून म्हणायची, मी हे काय करतेय." मी म्हटलं, "मी काय सांगणार?" आणि आत गेलो.

ताई ओट्यापाशी उभ्या होत्या. डोळ्यांनी आता त्यांना फारसं दिसत नाही, कढईतला वडा तळला की नाही हे त्या आवाजावरनं ओळखतात. कढी, डांगराची भाजी, गवार, कारलं, खीर, सगळं झालं होतं. मला बघून, म्हणजे माझं खाकरणं ऐकून, त्या म्हणाल्या, "आप्पा, दादाला तिकडं काय आवडायचं हो? म्हणजे तुमच्या मेसमध्ये? मी आपलं तो कॉलेजात असताना जे खायचा ते केलंय."

मला हसू आलं. "ताई, तो ब्रेड-जाम खायचा. डब्यात बोट घालून जाम खायचा."

त्यांनी लगेच लेकीला दुकानात पिटाळलं. लेक म्हणाली, "अगं आई, पितराच्या पानावर ब्रेड? लोक काय म्हणतील?" ताई म्हणाल्या, "लोकांच्या नाही, माझ्या भावाच्या पानावर वाढणार आहे. जा." ती गेली, आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. मला कळलं, आता येणार.

ताईंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर पाटावर येऊन बसल्या.

"आप्पा, मी दोन्हीकडनं मरतेय. तो गेला असेल, तर इतकी वर्षं माझा भाऊ उपाशी आहे. आई जेवते, वडील जेवतात, आणि तो उंबऱ्याबाहेर उभा. माझ्यामागं त्याला कुणी विचारणारसुद्धा नाही. आणि नसेल गेला, कुठं तिकडं एखाद्या अंधाऱ्या खोलीत म्हातारा होऊन पडला असेल, तर आज मी सख्ख्या बहिणीनं त्याचं पान मांडून त्याला मारणार. तुम्ही सांगा, मी काय करू?"

"ताई, मी बघितलं नाही."

"ते मला पाठ आहे." त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही बघितलं नाही, बघितलं नाही. अहो, तुमचं कामच काय होतं? दादा सांगायचा मला. रात्री खाली काही दिसत नाही, दिवा नाही, नदी नाही, आणि आमचा नॅव्हिगेटर नुसता वेग बघून, घड्याळ बघून, वारा बघून सांगतो की आपण इथं आहोत. आणि मी डोळे मिटून विमान वळवतो, म्हणायचा. न बघता सांगत होतात ना तुम्ही? तो ऐकत होता ना तुमचं? मग मलापण सांगा. कुठं आहे माझा दादा?"

 

हे गणित मी केलेलं नव्हतं असं कोण म्हणेल? ते मी छत्रीला लोंबकळतानाच केलं होतं. उंची किती राहिली होती, मला दारापर्यंत यायला किती वेळ लागला, मी बाहेर पडल्यावर किती वेळानं खाली उजेड झाला. शिकाऊ पोरालाही सुटेल असलं गणित. उत्तर एकच येत होतं आणि ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याला दांडी ओढायला वेळच उरला नव्हता. तो वेळ मी घेतला होता. फक्त उत्तर तोंडानं बोलायचं नाही, एवढंच मी केलं. बोललो असतो तर त्याला मी सोडून आलो असं झालं असतं. न बोलता तो माझ्यामागनं येतच होता.

मुलगी ब्रेड घेऊन आली. दारातच थांबली.

मी म्हणालो, "पान वाढा, ताई."

त्या हलल्या नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, दिसत नव्हतं तरी. मग उठल्या. केळीचं पान पुसलं, मांडलं. माझ्या कपाळाला गंध लावलं. ते भुवईपर्यंत ओघळलं. एक घास विस्तवावर टाकला, आगारी दिली. एक पान लेकीनं कावळ्यासाठी पत्र्यावर ठेवलं. आणि माझ्यापुढं त्या वाढायला लागल्या. कढीच्या वाटीशेजारी जाम लावलेला ब्रेड. कुणी बघितलं असतं तर येडं म्हटलं असतं.

मी जेवलो. ताई मला नेहमी तुम्ही म्हणतात, पण पानावर मी नव्हतोच ना. "दादा, घे ना अजून. दादा, कारलं तुला आवडत नाही, पण एवढं खा." मी खात होतो. साखर गेली खड्ड्यात, खीर दोनदा घेतली. त्या वाढतच होत्या. पन्नास वर्षांचं वाढायचं राहिलेलं होतं, आणि काही झालं तरी नको म्हणायचं नाही असं मी ठरवलं होतं. वडे संपले, भात संपला. शेवटचा ब्रेड मी कोरडाच गिळला.

मग त्या समोर बसल्या आणि पितराला विचारतात ते त्यांनी विचारलं.

"पोट भरलं का रे, दादा?"

हे विचारल्यावर पितरानं भरलं म्हणायचं असतं. त्यानं म्हटल्याशिवाय तो उठत नाही आणि घरचे जेवत नाहीत. न्हावऱ्यात मी फटकन म्हणतो, भरलं, सुखात राहा, आणि चपला घालतो. आज मी पानावरचं शेवटचं शीत टिपत बसलो. एकदा म्हटलं की तो गेला. ताईंकडनं गेला आणि माझ्याकडनंही गेला. मुलगी हातात पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होती.

"भरलं," मी म्हणालो. "आता तू जेव."

 तेव्हा ताईंनी जो हंबरडा फोडला, तसा मी जन्मात ऐकलेला नाही. दोन्ही हात जमिनीवर आपटून, दादा, दादा, करून. ताजं मढं दारात असल्यासारख्या त्या रडल्या. शेजारची बाई कणकेच्या हातानं पळत आली.

"अगं बया, काय झालं? कोण गेलं?"

"काही नाही मावशी, आई जरा..." मुलगी म्हणायला लागली.

"दादा गेला माझा," ताई म्हणाल्या.

"कवा?"

"आत्ता."

बाईनं माझ्याकडं बघितलं, पानाकडं बघितलं, माझ्या कपाळावरच्या गंधाकडं बघितलं. पुढं काही विचारलं नाही. खाली बसली, ताईंचं डोकं छातीशी घेतलं आणि आपणही गळा काढून रडायला लागली. आमच्याकडं बायका असंच करतात. आधी रडून घेतात, बाकीचं मागनं विचारतात.

मी उठलो, हात धुतले. मग आठवलं, की कुणी गेल्याचं कानावर आलं की आधी आंघोळ करतात आणि मग बाकीचं. त्याच्या नावानं मी कधी आंघोळ केली नव्हती. कशी करणार, गेला असं कुणी म्हणालंच नव्हतं. न्हाणीत शिरलो, कडी लावली आणि कपड्यांसकट डोक्यावर तांब्या ओतला. गार लागलं, बाकी काही नाही. अजून एक ओतला. मग कुठूनतरी कण्हल्यासारखा आवाज यायला लागला, आणि तो माझ्याच तोंडातनं येतोय हे मला जरा उशिरा कळलं. गेला रे, म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. गेला माझा दोस्त, माझ्यापायी गेला. पाण्यात काही समजत नव्हतं, पण ओठांवर खारट लागत होतं.

दारावर टकटक झाली. "मामा," ताईंची मुलगी बाहेरनं म्हणाली, "गार पाण्यानं करताय का? थांबा, गरम देते."

"नको पोरी," मी म्हटलं. "याला गारच घ्यायचं असतं."